नकाशावरचा पांढरा ठिपका

४ मार्च

ताई,

नमस्कार, क्षेमकुशल वगैरे पोचलं असं धर. फोन अण्णांच्या उशाशी आहे आणि बोलायचंय अण्णांबद्दलच, म्हणून पत्र.

डॉक्टरांनी परवा त्यांना तपासलं. हृदय थकलंय म्हणाले. औषधं लिहून दिली, पण शेवटी खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "यांना उन्हाळा झेपणार नाही. थंड जागी ठेवा." आमचं घर तुला माहीत आहे. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर उघडा स्लॅब, दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. आम्ही दोघं दिवसभर कामावर. गेल्या उन्हाळ्यात अण्णा एकदा जिन्यातच बसून राहिले होते, शेजाऱ्यांनी वर आणलं. तू काळजी करशील म्हणून तेव्हा बोललो नाही. यंदा तसं झालं तर ते उठतीलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.

म्हणून अण्णांना तुझ्याकडे, म्हणजे त्यांच्याच घरी पाठवायचं ठरवलंय. आणि हे मी घराच्या मायेपोटी ठरवलेलं नाही, आकडे बघून ठरवलंय. गेलं वर्षभर ऑफिसात माझ्याकडे एकच काम आहे. देशभरातल्या हवामान केंद्रांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, प्रत्येक ठिकाणची वर्षावर्षाची सरासरी काढायची, ती किती चढली ते बघायचं आणि नकाशावर रंगवायचं. जास्त चढली तिथे गडद लाल. नकाशा पुरा झाला तेव्हा आमच्या मोठ्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, उठून भिंतीपाशी गेल्या आणि कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. सगळा देश लाल आहे, ताई. कुठे एक अंश, कुठे दीड. तुला वाटेल, दीड अंशाचं काय एवढं. पण अंगात दीड अंश ताप असला तर तू मला शाळेत जाऊ द्यायची नाहीस, तसं समज. आणि हा ताप उतरत नाही.

या सगळ्या लालमध्ये एकच पांढरा ठिपका आहे, आपलं गाव. रेष सरळ, जरा म्हणून चढ नाही. जवळजवळ सगळी वर्षं अण्णांनी मोजलेली आणि शेवटची काही तू. ऑफिसात मला आता 'थंड हवेचे पाहुणे' म्हणतात. म्हणतात तर म्हणोत, माझ्याकडे बापाला ठेवायला जागा आहे. तुझ्या उत्तराची वाट बघतो.

तुझा,
ठोंब्या

१० मार्च

ठोंब्या,

अण्णांना पाठव, त्यात विचारायचं काय? त्यांची खोली झाडून घेतली, खाट उन्हात टाकली. जिन्याची गोष्ट लपवलीस त्याबद्दल भेटल्यावर कान पिळीन.

पण तुझा नकाशा काही माझ्या पचनी पडला नाही. इथे गरम होतं रे. मी मशीनवर शिवायला बसते तेव्हा कापडावर घाम पडू नये म्हणून मनगटाला फडकं बांधते. पूर्वी कधी बांधलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं वयच तसं आहे, या वयात बायकांच्या अंगाची आग होते. असेल बाई. पण मग समोरच्या इस्त्रीवालीचं काय? तिची तर तिशीसुद्धा उलटलेली नाही, आणि ती दुपारी दुकानाला कुलूप लावून ओला टॉवेल घेऊन पडून असते. तिला वाटतं आपल्याला आतून काहीतरी मोठं दुखणं लागलंय. वाटणारच. अण्णांच्या पद्धतीप्रमाणे मी रोजचं कमाल तापमान फाटकावरच्या फळ्यावर लिहिते. लोक थांबून वाचतात, छत्तीस. दरवर्षी तेच छत्तीस. मग गरम होतंय म्हणायची सोयच राहत नाही, माणूस स्वतःलाच चाचपून बघतो.

बाकी अंगणातली थर्मामीटरची पेटी ठीक आहे. झडपांना यंदा पांढरा रंग दिला. खालची हिरवळ मात्र फार माज करायला लागलीय. 'पेटी हिरवळीवर असावी, उघड्या मातीवर नको' हा हवामान खात्याचा नियम अण्णांनी मला पेटी सोपवताना दहादा बजावला होता, त्यामुळे मी तिला जिवापाड जपते. अण्णांच्या वेळी उन्हाळ्यात चार झाऱ्या पाणी पुरायचं. मला आता सकाळ-संध्याकाळ पाइप धरावा लागतो आणि भर दुपारी आणखी एकदा. पाणी न मिळालं की दोन दिवसांत पिवळी पडते. इतके लाड मी तुझेसुद्धा केले नव्हते.

तुझी ताई

१६ मार्च

ताई,

तू अण्णांची मुलगी शोभत नाहीस. "अंगाला काय वाटतं ते मोजमाप नव्हे," हे वाक्य आपण दोघं त्यांच्या मांडीवर बसून शिकलो ना? तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं (जिना वगळून) आणि ते खदखदून हसले. म्हणाले, "तिला सांग, काटा चढलेला नाही, वय चढलंय. माझंही तेच होतं." जायचं म्हटल्यापासून त्यांची कळी खुलली आहे. बॅग भरून दाराशी ठेवलीय आणि रोज उघडून पुन्हा भरतात.

मामेभाऊ तिकडे गाडी घेऊन यायचाय, तो रविवारी आणून सोडेल. मला रजा नाही. उन्हाळ्यात घरी येऊन मला किती वर्षं झाली हे मलाच आठवत नाही, येतो तो पावसाळ्यात.

एक छोटं काम. मोठ्या बाईंना पेटीचा फोटो हवा आहे, आजूबाजूची जागा दिसेल असा. एवढा पांढरा ठिपका त्यांच्या डोळ्यांत सलतो. माझ्या मते त्यांना आपल्या गावाचा हेवा वाटतो, पण साहेब लोकांना असं तोंडावर सांगता येत नाही. फोटो पाठव म्हणजे विषय संपेल.

ठोंब्या

२९ मार्च

ठोंब्या,

अण्णा सुखरूप पोचले. घरात पाऊल टाकायच्या आधी पेटीकडे गेले, दार उघडलं, पारा डोळ्यांच्या रेषेत घेऊन वाचला आणि मग पाणी मागितलं. हिरवळीवरून हात फिरवून म्हणाले, "छान ठेवलीयेस." एवढं कौतुक त्यांनी माझ्या दहावीच्या निकालाचं केलं नव्हतं.

पण मी खूश नाही. त्यांची खोली पश्चिमेची, वर पत्रा. दुपारी तिथे श्वास घेववत नाही, तरी पंखा लावू देत नाहीत. फळ्यावर पस्तीस लिहिलेलं असतं, आणि पस्तिसात पंखा कशाला लागतो, असा त्यांचा सवाल. सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावून बसतात, कानामागून घाम ओघळत असतो. मी म्हटलं, "अण्णा, गरम होतंय तुम्हाला." तर म्हणाले, "होतंय. पण नाहीये."

परवा इस्त्रीवाली भीतभीत आली. "अण्णा, तुम्ही इतकी वर्षं मोजताय. पूर्वी असं होत नव्हतं ना?" अण्णांनी तिला फाटकापाशी नेलं आणि फळा दाखवला. "आकडा तोच आहे, पोरी. आपण मऊ झालो." ती मान खाली घालून गेली. मला तिची फार दया आली, आणि अण्णांचा रागही आला.

काल दुपारी त्यांना धाप लागली. मी हवा घालत होते तर माझा हात धरून म्हणाले, "शरीर संपत आलं की असंच वाटत असेल. घाबरू नकोस, मी तयार आहे." ठोंब्या, मी तयार नाही. फोटो सोबत आहे. अण्णांनी स्वतः उभं राहून काढून घेतलाय, म्हणून सगळा नीट सरळ आला आहे.

ताई

६ एप्रिल

ताई,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. अण्णांच्या हाती पडू देऊ नकोस.

फोटो मी मोठ्या बाईंच्या टेबलावर ऐटीत ठेवला. त्यांनी चष्मा काढून बघितला आणि एकच विचारलं, "कुंपणाबाहेर काय आहे?" मी बघितलं. कुंपणाच्या आत हिरवीगार हिरवळ, पेटीभोवती कंबरेएवढी झुडपं, आणि तारेच्या पलीकडे भेगाळलेली, पांढुरकी जमीन. एक काडी नाही तिथे. मी ती जागा लहानपणापासून ओळखतो आणि तरी मला ती ओळखू आली नाही. मग मी तुझं दहा मार्चचं पत्र काढलं. त्यात सगळं तू लिहिलेलंच होतंस, आणि मी ते वाचून हसलो होतो.

कपाळावर ओलं फडकं ठेवलं की कसं गार वाटतं? ओली हिरवळ हवेला तेच करते. अण्णांच्या सुरुवातीच्या वर्षांत गवत आपोआप हिरवं राहायचं. मग ते सुकायला लागलं, आणि नियमात हिरवळ लिहिली होती म्हणून अण्णांनी पाणी घातलं. आणखी तापलं, आणखी पाणी. मग तू पाइप लावलास. गाव तापत गेलं, तुम्ही पाणी वाढवत गेलात, आणि पेटीला काही कळलंच नाही. तुम्ही नियम मोडला नाहीत. नियम प्राणपणाने पाळलात, म्हणून हे झालं. दुसऱ्या कुणा आळशी माणसाच्या ताब्यात पेटी असती तर ठिपका लाल आला असता.

वेगळ्या पार्सलने एक थर्मामीटर आणि छोटी पेटी पाठवली आहे. ती कुंपणाबाहेर उघड्या जागेत लाव आणि रोज दोन्ही वाच. शिवाय बाईंना हवंय की दहा दिवस हिरवळीचं पाणी पूर्ण बंद ठेवावं, म्हणजे आतला आकडा किती चढतो ते कळेल. अण्णांना यातलं काही सांगू नकोस. पंखा मात्र आजपासून लाव, ते काहीही म्हणोत.

ताई, मी अण्णांना थंड जागी पाठवलं असं समजत होतो.

ठोंब्या

१९ एप्रिल

ठोंब्या,

पार्सल मिळालं. पहिल्या दिवशी दुपारी आत छत्तीस, बाहेर एक्केचाळीस. मला वाटलं तुझा थर्मामीटर बिघडलाय. दोन्हींची अदलाबदल केली. आत छत्तीस, बाहेर एक्केचाळीस. इतकी वर्षं मी रोज न चुकता जे लिहीत आले ते फक्त माझ्या पाइपाचं तापमान होतं.

मग पाणी बंद केलं. अण्णांना पंप जळालाय असं सांगितलं, तर ते मिस्त्रीला बोलवायला उठले. कशीबशी समजूत घातली. दोन दिवसांत हिरवळ पिवळी पडली, नंतर नुसत्या काड्या राहिल्या, आणि पेटीतला पारा चढायला लागला. सदतीस, साडेअडतीस. काल चाळीस.

फळ्यावर काय लिहायचं ते मला उमगेना. दोन दिवस काहीच लिहिलं नाही. पण लोक फाटकाशी येऊन रिकामा फळा बघून जात होते, ते मला बघवेना. आज मी चाळीस लिहिलं. पहिली इस्त्रीवाली आली. तिने वाचलं, मला विचारलं, "खरं लिहिलंय ना?" मी हो म्हटलं. ती फाटक धरून रडायला लागली. "म्हणजे मला काही झालेलं नाही," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होती. मी तिला आत घेऊन आले, तेव्हा अण्णा

२४ एप्रिल

वरचं पत्र अर्धंच राहिलं. ती गेल्यावर लिहायला बसले होते, आणि त्या ओळीवरच उठावं लागलं. फोनवर तुला फक्त अण्णांना दवाखान्यात ठेवलंय एवढं सांगता आलं, कारण दवाखान्याच्या फोनपाशी रांग होती. आता नीट लिहिते.

तिला आत घेऊन आले तेव्हा अण्णा खिडकीत उभे होते. त्यांनी फळा वाचला होता. मला म्हणाले, "तू चुकीचं वाचलंस. आपल्या गावात चाळीस होत नाही." मी म्हटलं, "होय अण्णा, चुकलं असेल, संध्याकाळी बघू." मला वाटलं विषय संपला. मी विसरले की ते कोण आहेत. शंका आली की निरीक्षक स्वतः जाऊन पुन्हा वाचतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. इस्त्रीवालीला पोचवून मी तुला लिहायला बसले, त्या ओळीपर्यंत आले आणि बाहेरून तिची हाक आली.

अण्णा भर उन्हात पेटीपाशी गेले होते. त्यांनी वाचलं. पटलं नाही, म्हणून दार लावून तिथेच उभे राहिले, थोडा वेळ जाऊ दिला आणि परत वाचलं. मग आणखी एकदा. इस्त्रीवालीला पलीकडून दिसत होतं, तिला वाटलं काहीतरी दुरुस्ती चाललीय. मी पोचले तेव्हा ते वाळलेल्या गवतात बसले होते, अंग कोरडं आणि तापलेलं, घामाचा थेंब नाही. मला म्हणाले, "तीनदा बघितलं. बरोबर वाचलंस तू." त्यानंतर त्यांना शुद्ध नव्हती.

दवाखान्यात ओल्या चादरी, बर्फ, सलाईन. परवा डोळे उघडले. पहिल्यांदा विचारलं, "हिरवळीला पाणी का नाही?" माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. सगळं सांगितलं, तुझ्या पत्रातलं जसंच्या तसं. मग म्हणाले, "म्हणजे मी म्हातारा नव्हतो होत. गरमच होत होतं." आणि पुढे, "त्या पोरीला मी मऊ म्हणालो." तेव्हापासून बोललेले नाहीत.

डॉक्टर म्हणतात घरी न्या, पण अशी आणखी एक दुपार झाली तर आमच्याकडे आणूही नका. तूच सांग, कुठे नेऊ त्यांना?

ताई

२८ एप्रिल

ताई,

पाणी बंद करायला मी सांगितलं होतं. ते आकडे बाईंना हवे होते, पण पत्र मी लिहिलं होतं, आणि अण्णा खिडकीत बसून पेटीवर लक्ष ठेवतात हे मला माहीत होतं. शनिवारच्या गाडीने येतोय. तोवर हे ऐक, कारण हे माझ्याने एकट्याने सोसवत नाही.

आपलं केंद्र यादीतून काढून मी हिशेब पुन्हा केला. मला वाटलं होतं एक ठिपका जाईल आणि बाकी नकाशा तसाच राहील. पण आपली नोंद सगळ्यात अखंड, सगळ्यात नेटकी. म्हणून शेजारच्या गावांचे आकडे फार चढलेले दिसले की आम्ही ते आपल्या केंद्राशी ताडून बघायचो आणि खाली ओढायचो. अण्णांच्या अक्षरावर इतका विश्वास होता सगळ्यांचा. ती गावं खरं सांगत होती, ताई, आणि आम्ही त्यांना गप्प केलं. आता तो सबंध पट्टा नकाशावरचा सगळ्यात गडद आहे.

मी भिंतीपाशी उभा राहून अण्णांसाठी जागा शोधत होतो. डोंगरावरची गावं पाहिली, समुद्राकाठची पाहिली. प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून आकडा वाचला. मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आईसाठी माझं गेल्या महिन्यातच शोधून झालंय. नाहीये." आणि चहा घ्यायला निघून गेल्या.

ठोंब्या

१० मे

ठोंब्या,

तू परत गेलास आणि घर पुन्हा गप्प झालं. तुझ्यासमोर अण्णा बोलले नाहीत म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस. ते माझ्याशीही बोलत नव्हते, कालपर्यंत.

तू गेल्यावर मला एक सुचलं आणि कुणालाही न विचारता करून टाकलं. खात्याची पेटी मिस्त्रीकडून उपटून कुंपणाबाहेर, भेगाळलेल्या जमिनीवर नेऊन रोवली. खात्याला काय कळवायचं ते तू कळव. आणि अंगणात पुन्हा पाइप सोडला. मुळं जिवंत होती, आठवड्यात कोंब आले. झुडपांच्या आडोशाला, वर चादर बांधून, जिथे पेटी होती तिथेच, अण्णांची खाट टाकली. गावात थंड जागा एवढी एकच आहे, आपणच ती करून ठेवली होती आणि तिच्यात थर्मामीटर ठेवला होता.

काल दुपारी मी पाइप धरला, तसे अण्णा खाटेवर उठून बसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले. "पाणी बंद कर. नोंद बिघडते." मी म्हटलं, "पेटी बाहेर नेलीय, अण्णा. हे पाणी तुमच्यासाठी आहे." त्यांनी आजूबाजूला बघितलं, पेटी नाही. मग तोंड फिरवून घेतलं. अण्णांना रडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आज इस्त्रीवालीला त्यांनी हाक मारून बोलावलं आणि खाटेशेजारी बसायला सांगितलं. ती दुपारभर तिथेच झोपली. बाहेरच्या पेटीत त्रेचाळीस होतं, ते मी फळ्यावर लिहिलं. अण्णांनी मला तीनदा वाचायला लावलं नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. नळाला आता दिवसाआड पाणी येतं, विहिरीच्या तळाचा दगड दिसायला लागलाय. मी अण्णांना बोलले नव्हते. पण टाकी भरतानाचा आवाज त्यांच्या कानात पन्नास वर्षांचा आहे, त्यांना सांगावं लागत नाही. संध्याकाळी मला जवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात ही जागा गार ठेवायला किती पाणी लागेल? आणि त्याच्या पुढच्या?"

तुला विचारून सांगते म्हटलं. ते वाट बघतायत. तुझ्याकडे सगळे आकडे आहेत, तर उलट टपाली लिही, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून कमी करून लिहू नकोस.

ताई